कानापाशी फिका

६ मार्च, सकाळ.
आजपासून रोजनिशी. आयडिया बायकोची. ती दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे तिला दिसेल त्या गोष्टीवर उपचार करायचे असतात. म्हणाली, राग आला की हात चालवण्याऐवजी पेन चालवा. मला राग येत नाही, हे तिला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. मी स्पष्ट बोलतो. स्पष्ट बोलताना आवाज चढतो, आवाजाबरोबर हात वर जातो. हे शरीरशास्त्र आहे, नर्सला कळायला हवं.

नोकरी सोडली, तेही लिहून ठेवतो. पॅकिंग सुपरवायझर होतो. मॅनेजरशी शांतपणे चर्चा चालू असताना टेबल उलटलं. टेबलाचे पाय पहिल्यापासून कच्चे होते. मॅनेजर नेमका पलीकडे उभा होता, ही त्याची चूक. कंपनीनं पत्र हातात ठेवलं, त्याच्या आधीच मी मनातल्या मनात राजीनामा दिलेला होता.

पुढचा प्लॅन पक्का. फोटो छापलेले मग. स्वतःचा धंदा, डोक्यावर कोणी नाही.

७ मार्च.
सामान आलं. प्रिंटर, टेबलावर बसणारा ओव्हन, कोटिंगवाले पांढरे मग. काम सोपं आहे. खास शाईनं कागदावर फोटो छापायचा, कागद मगाला घट्ट गुंडाळायचा, वरून सिलिकॉनचा पट्टा आवळायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा. शाईची वाफ होऊन कोटिंगमध्ये शिरते आणि फोटो जन्मभर राहतो. एवढ्यासाठी लोक क्लास लावतात. हसू आलं.

ओव्हन मागच्या खोलीत. बायकोच्या तीन अटी. त्यात खायचं काही ठेवायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची आणि काही फेकायचं नाही. पहिल्या दोन मान्य. तिसरी मला लागूच होत नाही.

मदतीला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. वजन शंभराच्या पुढे, म्हणून घरात बारक्या म्हणतात. वायरमन आहे, कामावरून सुटला की येणार. त्यानं मग छापण्यावर बरेच व्हिडिओ पाहिलेत. पाहू दे. हुकूम माझा.

८ मार्च.
पहिला मग. बायकोला सरप्राइज म्हणून तिचाच फोटो घेतला. पट्टा आवळताना कागद किंचित सरकला असावा. नाकं दोन आली. एक ठळक, एक मागून सावलीसारखं. बारक्या म्हणाला, भाऊजी, टेप चारी बाजूंनी लावा, पट्टा अजून ताणा. मी म्हटलं, बघतो.

मग हातातून निसटला आणि भिंतीला लागला. भिंत खोलीच्या पलीकडच्या टोकाला आहे.

बायको दारात उभी होती. झाडू आणला आणि माझ्या हातात दिला.

११ मार्च.
मोठी बातमी. ऑर्डर!

बॉक्सिंग क्लबची. दरवर्षीची स्पर्धा महिनाअखेरीला आहे, प्रत्येक खेळाडूला त्याचा फोटो छापलेला मग द्यायचा. क्लबचे कोच स्वतः घरी आले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. नाक चपटं, एक कान फुलकोबीसारखा, आणि आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागतं. बारक्यानं त्यांच्या हॉलची वायरिंग केली होती, त्यातून ओळख. म्हणाले, पोरं रोज मार खातात, त्यांना काहीतरी छान मिळायला पाहिजे. रंग स्वच्छ यायला हवा, चेहरा ओळखू यायला हवा, बाकी काही मागणं नाही.

बॉक्सर असून स्वभाव अगदी शेळीसारखा. अशा माणसाला स्पर्धेत कोण घाबरत असेल कोण जाणे. जाताना माझ्या उजव्या हाताकडे बघून विचारलं, बोटांना काय लागलं? मी म्हटलं, कपाटाचं दार. (खरंच कपाटाचं दार. दार बोटांवर आलं नाही, बोटं दारावर गेली.)

१३ मार्च.
आजचा रिझल्ट : चेहरा मस्त, पण कानापाशी रंग फिका. मगाच्या कानाजवळ पट्टा नीट दाबला जात नाही, तिथं वाफ निसटते. बॉक्सरचा ठोसा नेमका तिथंच होता. त्यामुळे एक तगडा माणूस मनगटाशीच संपतो असं दिसतं.

बारक्या म्हणतो, ओव्हनवरच्या काट्यावर जाऊ नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा, हे काटे खोटं बोलतात. मी म्हटलं, कंपनीनं छापलंय ते खोटं आणि तू खरा?

मी दर मिनिटाला दार उघडून बघतो. लक्ष ठेवल्याशिवाय कोणतंही काम होत नाही, हा पॅकिंगमधला अनुभव. बारक्या म्हणतो, दार उघडलं की आतली उष्णता पळते. पळू दे, परत येते.

१४ मार्च.
पाच मग. चार पिवळट, एक करपलेला. त्यावरचा खेळाडू गोरा आहे म्हणे. आता नाही.

पाचही निसटले. एक खिडकीतून.

१४ मार्च, संध्याकाळ.
खालच्या मजल्यावरचे काका वर आले. रिटायर्ड, एकटेच असतात, सोबत एक मांजर. खिडकीतून गेलेला मग त्यांच्या बाल्कनीत मांजराच्या शेजारी फुटला. मांजर तेव्हापासून कपाटाखाली बसलंय, बाहेर यायला तयार नाही, अशी तक्रार. मी नम्रपणे ऐकून घेतलं. काकांनी आवाज चढवला. मी त्यांची कॉलर नीट केली. नीट करताना ते थोडे वर उचलले गेले. बारक्यानं मध्ये पडून विनाकारण तमाशा केला. नाहीतर मी त्यांना खाली ठेवणारच होतो.

काका जिन्यावरून उतरताना कठड्याला धरून उतरत होते. वय झालंय त्यांचं.

बायको ड्यूटीवरून आली, बारक्यानं सांगितलं असणार. जेवताना म्हणाली, पेन चालवता का? मी म्हटलं, रोज. विश्वास बसला नाही बहुतेक.

१७ मार्च.
स्वच्छ रिझल्ट मिळाले! चेहरा, दात, दातांतलं रबरी गार्ड, सगळं स्पष्ट. पण खाली क्लबचं नाव उलटं. कागदावर चित्र आरशातल्यासारखं उलटं छापावं लागतं, तरच मगावर सुलटं येतं. कॉम्प्युटरवर तेवढं बटण दाबायचं राहिलं. बटण मी दाबायचं होतं असं बारक्या म्हणाला. त्यानं सकाळी फोन करून आठवणही करून दिली होती म्हणे. दिली असेल. मी त्या वेळी स्पष्ट बोलत होतो.

बारक्याच्या कानाखाली आवाज निघाला. माझा हात जवळपासच होता.

शंभर किलोचा माणूस. त्यानं गालावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसून पुढचा कागद कापायला घेतला. मोठ्यांचा मान ठेवतो. चांगले संस्कार आहेत.

१९ मार्च.
मग संपले. दुसऱ्या दुकानातून आणले. दिसायला अगदी तसेच. भाजले, तर काय सुंदर! थर्मामीटर नाही, काही नाही. बारक्याला फोन करून सांगितलं, शीक. सगळे रांगेत टेबलावर मांडले. बघत बसलो. धंदा म्हणतात तो हा.

२० मार्च.
बायकोनं त्यातला एक धुतला. खेळाडूचा चेहरा नळाखाली वाहून गेला. आधी भुवया, नंतर बाकीचं. घासणीला लागलेला माणूस तिनं मला दाखवला. या मगांना कोटिंगच नव्हतं, शाई नुसती वर बसली होती.

दुकानदाराकडे गेलो. शांतपणे. तो म्हणाला, खोक्यावर लिहिलंय, चहा-कॉफीसाठी साधे मग. खरंच लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत. मी आणताना खोक्याची दुसरी बाजू बघितली होती. माझा खांदा रॅकला लागला. पुन्हा लागला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा रॅक खाली आला, बरण्यांसकट. दुकानदारानं काउंटरमागून स्टूल काढलं आणि माझ्या डोक्यात घातलं. मी त्याचं नाक धरलं. पुढचं स्पष्ट आठवत नाही. रस्त्यावर मी त्याच्या छातीवर होतो, नंतर तो माझ्या छातीवर होता. लोकांनी दोघांना सोडवलं. दोघंही रक्तानं माखलो होतो. रक्त कुणाचं किती हे सांगणं अवघड, पण जास्त त्याचं असावं.

दवाखान्यात टाके बायकोनंच घातले. भूल देऊ का विचारलं नाही. मीही मागितली नाही.

२१ मार्च.
डोकं ठणकतंय. निर्णय : आजपासून फक्त शांतता. बारक्यानं थर्मामीटर आणला, योग्य मग आणले. ओव्हनच्या दाराला टेप लावून टाकली, पंधरा मिनिटं कुणी उघडू नये म्हणून. कुणी म्हणजे कोण, घरात दोघंच.

थर्मामीटरनं सांगितलं की काटा दोनशे दाखवतो तेव्हा आत बरंच कमी असतं. मला पहिल्यापासून शंका होती.

मी झोपलो होतो तेवढ्यात त्यानं सहा मग काढले. सहाही स्वच्छ. कानापाशीसुद्धा. तिथं त्यानं पट्ट्याखाली कागदाची जाड घडी घातली होती. माझ्या देखरेखीखाली मिळालेलं हे पहिलं खरं यश.

२२ मार्च.
बारक्या कामावर. मी एकटा. दाराची टेप काढली. टेप माणसाच्या स्वाभिमानाला लागते. दार उघडून बघताना हँडल हातात आलं. नंतर काच. ओव्हन तसाच चालवला, पुढून पुठ्ठा लावून. पुठ्ठ्यानं पेट घेतला. मी लाथेनं विझवला. पायाला फोड, पण विझला.

तीन मग फिके, एक बरा. म्हणजे पंचवीस टक्के सक्सेस. सुरुवातीला चांगलं आहे.

संध्याकाळी बारक्यानं नवी काच बसवली. हँडलही. बसवताना शीळ घालत होता. डोक्यात जातं ते.

२४ मार्च.
किरकोळ अपघात.

भाजलेला मग लवकर गार व्हावा म्हणून मी बर्फाच्या पाण्याची बादली ठेवली होती. डोकं चालवून. बारक्या म्हणाला, भाऊजी, तडकेल, आपोआप निवू द्या. हेच चार वेळा म्हणाला. चौथ्या वेळी माझ्या मनगटावर हात ठेवला. मला कोणी धरलेलं आवडत नाही. मी धगधगता मग बादलीत टाकला. टाकला म्हणजे जोरात. आवाज झाला आणि बारक्या खाली बसला. दोन्ही हात डोळ्यावर, बोटांतून रक्त. तुकडा भुवईच्या खाली घुसला होता.

मी त्याला सांगितलं, बादली तिथं कुणी ठेवली होती त्याचं नाव घेऊ नकोस. तो म्हणाला, ताईला फोन करा. तेवढंच, पुन्हा पुन्हा. ताईला फोन.

मी केला. बादली घसरली असं सांगितलं.

२५ मार्च.
डोळा वाचला. मी म्हटलंच होतं, किरकोळ. नजर किती येईल हे पट्टी निघाल्यावर कळेल.

बायको सकाळी येऊन कपडे घेऊन गेली. आईकडे राहते म्हणाली, भावाला बघायला कुणीतरी पाहिजे. बरोबर आहे. दुपारी तिनं टेम्पो पाठवून ओव्हन, प्रिंटर, उरलेले मगही नेले. ऑर्डर पूर्ण व्हायला हवी, मास्तरांना शब्द दिलाय असा निरोप. शब्द मी दिला होता. धंदा माझा आहे. यात तत्त्वाचा प्रश्न आहे. लिहून ठेवतो, कारण उद्या फोनवर बोलताना मुद्दे सुटायला नकोत.

२७ मार्च.
फोन उचलत नाहीत. दोघंही. सासूबाईंनी एकदा उचलला, माझा आवाज ऐकून ठेवला.

घरात फेकण्यासारखं फारसं राहिलेलं नाही. फेकत नाही मी, पण निरीक्षण.

३० मार्च, दुपार.
आज स्पर्धा. मी जाणार. माझ्या ऑर्डरची डिलिव्हरी माझ्याशिवाय होतेय, हे मी हसत हसत लक्षात आणून देणार. शर्ट इस्त्री केला. आरशासमोर तीन वेळा हसून बघितलं. चांगलं जमतं.

२ एप्रिल, दवाखाना.
सलाइन निघालं, लिहायला आज हात मोकळा झाला. जे झालं ते क्रमानं.

हॉल भरलेला. मध्ये रिंग, आत दोन पोरं एकमेकांना मनापासून मारत होती. नाकातून रक्त, डोळा सुजलेला. घंटा वाजली की दोघं गळ्यात पडायची. मला पटलं नाही. एवढं मारायचं आणि नंतर पाठ थोपटायची, याला काही अर्थ आहे का?

एका टेबलावर मग मांडले होते. सगळे. प्रत्येकावर एक चेहरा, नाक एकच, नाव सुलटं, रंग कानापर्यंत भरलेला. मी एकेक उचलून बघितला. चूक सापडेना. शोधली, तरी सापडेना. टेबलामागे बारक्या बसला होता, एका डोळ्यावर पट्टी. मला बघून उठला. म्हणाला, भाऊजी, या, बघा किती छान झालेत. मनापासून म्हणाला. तेच सहन झालं नाही.

माझा हात गेला. निसटला असं लिहिणार होतो. गेला.

बारक्याला त्या बाजूनं दिसत नव्हतं. तो हसतच उभा होता. मास्तर कुठून आले कळलं नाही, ते मध्ये आले आणि माझा ठोसा त्यांच्या फुलकोबीच्या कानावर बसला. त्यानंतर त्यांचा डावा हात हलला. फार नाही, वीतभर. जबड्यातून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, मला वाटलं खुर्ची.

प्रथमोपचाराच्या खोलीत डोळे उघडले. क्लबनं दवाखान्यातून एक नर्स मागवली होती. ती नर्स म्हणजे माझीच बायको. तिनं टॉर्च डोळ्यात मारला, नाव विचारलं, वार विचारला. जबडा हलत नव्हता, मी बोटानं चादरीवर लिहून सांगितलं. नंतर म्हणाली,

"तुम्हाला वाटतं मी तुमच्यावर रागावलेय. रागावले असते तर घरी राहून भांडले असते. मला भीती वाटते तुमची."

मी मान हलवली. नाही म्हणायचं होतं. टॉर्च बंद करून ती पुढचा खेळाडू बघायला गेली.

३ एप्रिल.
जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. वरचे-खालचे दात तारेनं एकत्र बांधलेत. नळीनं पातळ प्यायचं. बोलणं बंद.

मास्तर भेटायला आले. स्टुलावर बसून चार-पाच वेळा माफी मागितली. म्हणाले, हातानं आयुष्यभर तेवढंच काम केलंय, समोरून काही आलं की हात जातो, मला थांबवता आलं नाही. एवढं बोलून रडले. मला त्यांना सांगायचं होतं, असं होतं माणसाचं. पण तारा होत्या. आणि नंतर विचार केला तर त्यांचा आणि माझा मामला एकच वाटेना.

काल लिहिलेलं परत वाचलं. भीती. माझी? चाळीशी उलटलेला, टाके घातलेला, नळीनं सूप पिणारा माणूस मी. मला कोण घाबरणार? मॅनेजर, एक. दुकानदार. खालचे काका. बारक्या, तो घाबरत नाही, तो नुसता सहन करतो. बायको.

पेन ठेवतो.

९ एप्रिल.
घरी. घरात कुणी नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर दारात ओव्हन, प्रिंटर आणि एक खोकं. जिन्यावरून जड पावलं खाली जात होती. बारक्या. हाक मारता आली असती तर मारली असती. घशातून नुसता घरघराट निघाला, तो त्याच्यापर्यंत पोचला की नाही माहीत नाही. पावलं थांबली नाहीत.

खोक्यात कोटिंगवाला एकच मग उरलेला.

११ एप्रिल.
दुपारी खिडकीतून खालच्या बाल्कनीत काकांचं मांजर दिसलं, उन्हात पडलेलं. वाकून मोबाइलवर फोटो काढला. चाहूल लागून त्यानं वर बघितलं, तो फोटो चांगला आला.

छापला. उलटा, बटण दाबून. मग पुसला, टेप चारी बाजूंनी लावली, कानापाशी घडी, पट्टा. थर्मामीटर बघून आत ठेवला. खुर्चीवर बसलो. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. पंधरा मिनिटं हा फार लांब वेळ असतो. मी आजवर कधी पंधरा मिनिटं कशाची वाट बघितली नव्हती. घंटी वाजली, हातमोजे घालून बाहेर काढला, गरम असतानाच कागद सोडवला, फळीवर निवायला ठेवला.

स्वच्छ. कुठे सावली नाही, डाग नाही. मांजराच्या मिशा एकेक दिसतात. कानापाशी रंग तितकाच भरलेला. खोलीत इकडेतिकडे बघितलं. दाखवायला कोणी नव्हतं.

खाली गेलो. काकांची बेल वाजवली. आतून आधी साखळी लावल्याचा आवाज आला, नंतर दार चार बोटं उघडलं. एक डोळा दिसला. मी मग फटीसमोर धरला आणि सगळ्या बाजूंनी फिरवला. बोलता येत नव्हतं.

"छान आलाय," काका म्हणाले.

मी तो घ्या म्हणून पुढे केला. फट मोठी झाली नाही.

"तिथंच ठेवा. मी नंतर घेतो."

पायपुसण्यावर ठेवला. दार लागलं. मी वर आलो आणि जिन्याच्या वळणावर कठड्याला टेकून ऐकत राहिलो. साखळी निघाल्याचा आवाज आला नाही.